जुन्या मासेमारी जाळ्यांच्या पिशव्या, कडी आणि चष्मे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर आम्ही बचत गटातल्या काही जणी वापरातून गेलेल्या जाळ्यांच्या पिशव्या, पाउच आणि मनगटातली कडी करतो. प्रदर्शनात स्टॉल लावला की गिऱ्हाईक पिशवी आधी नाकाशी नेतं, मग तिची किंमत विचारतं, आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही जाळी तुम्ही समुद्रातून काढली आहेत का?

नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण "समुद्र वाचवणारी पिशवी" असं ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे पाणबुडे येतात. आमच्याकडे येणारी जाळी होडीवरून उतरवलेली असतात. दोन-तीन हंगाम वापरली, फाटली, शिवली, पुन्हा फाटली, आणि शेवटी शिवण्याच्या पलीकडे गेली म्हणून मांगराच्या मागे ढीग करून टाकलेली. ती समुद्रात कधी हरवलीच नव्हती.

जगभरात मोठ्या प्रमाणावर जे काम चालतं, तेही बहुतांश अशाच जाळ्यांवर चालतं. त्यात मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांची जुनी जाळी असतात आणि बंदरात जमा केलेली जाळी असतात. समुद्रतळावर दोन-चार वर्षं पडलेल्या जाळ्यात वाळू, शिंपले, शेवाळ, मेलेले खेकडे असं सगळं अडकलेलं असतं. ते साफ करायला इतके कष्ट पडतात की त्यातून धागा काढणं फार थोड्या ठिकाणी जमतं. पण यात कमीपणा वाटायचं कारण नाही. जाळं समुद्रात जाण्याआधी किनाऱ्यावर त्याला किंमत मिळणं, हा आमच्या मते या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. तळातून जाळं वर काढणं हा त्यानंतरचा, नाइलाजाचा मार्ग.

मग घोस्ट नेट म्हणजे काय?

समुद्रात हरवलेलं किंवा सोडून दिलेलं, कोणाच्याही ताब्यात नसलेलं जाळं. मराठी वर्तमानपत्रांत त्याला भुताळी जाळी असंही म्हणतात. मालक नसला तरी जाळं आपलं काम करत राहतं. त्यात मासा अडकतो, मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. कासवं, डॉल्फिन आणि समुद्रपक्षीही सापडतात.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जखमी कासवं वाहून येतात. त्यातल्या काहींच्या पुढच्या परांभोवती, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांभोवती, जाळ्याचा तुकडा इतका घट्ट आवळलेला असतो की पर सडून गळून पडतो. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात अशी ऑलिव्ह रिडले कासवं येतात. पर गेलेलं कासव पुन्हा समुद्रात सोडता येईल की नाही, हा तिथला नेहमीचा कठीण प्रश्न असतो.

समुद्रात किती जाळी हरवतात?

इंटरनेटवर सगळीकडे "दरवर्षी ६,४०,००० टन" हा आकडा दिसतो. तो २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालातून आला आहे. प्रत्यक्ष मोजणीतून तो आलेला नाही, आणि पुढे संशोधकांनी त्याच्यावर शंकाही घेतली. आम्ही तो आमच्या कागदी लेबलवर छापत नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सात देशांतल्या ४५० मच्छीमारांशी बोलून नवा अंदाज मांडला: वापरातल्या मासेमारी साधनांपैकी सुमारे २ टक्के दरवर्षी समुद्रात हरवतात, आणि त्यात गिलनेटचं, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडायच्या जाळ्यांचं, क्षेत्रफळच २,९६३ चौरस किलोमीटर भरतं. २ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या चौपटीहून हे जास्त आहे, आणि तेही एका वर्षाचं, एकाच प्रकारच्या जाळ्याचं.

दुसरा भरवशाचा आकडा २०१८ चा. उत्तर पॅसिफिकमध्ये कचऱ्याचा जो प्रचंड पट्टा तरंगतो, त्याच्या वजनात किमान ४६ टक्के मासेमारीची जाळी होती.

मच्छीमार जाळी समुद्रात का टाकतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो. जाळं म्हणजे मच्छीमाराचं भांडवल. ते घेण्यासाठी कर्ज काढलेलं असतं. चांगलं जाळं कोणी हौसेने पाण्यात सोडत नाही.

रात्री पाण्यात सोडलेल्या गिलनेटवरून ट्रॉलर किंवा मोठं जहाज जातं आणि जाळ्याचे तुकडे होतात. खडकात जाळं अडकतं, ओढलं तर होडी उलटायची, म्हणून कापावं लागतं. अचानक वारा फिरतो आणि जीव वाचवून किनारा गाठायचा असतो. कधी व्हेल शार्क किंवा कासव अडकतं आणि त्याला सोडवायला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, स्वतःच्या हाताने जाळं कापतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशा मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याची योजना आहे. ती आल्यापासून जाळं कापून प्राणी सोडल्याच्या बातम्या आता किनाऱ्यावरून वरचेवर येतात. माणसाच्या हातात थोडा आधार दिला की तो काय करतो, ते यातून दिसतं.

खरा निष्काळजीपणा होतो तो तुकड्यांच्या बाबतीत. जाळं शिवताना फाटलेला भाग कापून काढतात. हातभर, वीतभर लांबीची ती कात्रणं तिथेच वाळूत किंवा होडीत राहतात आणि भरतीबरोबर निघून जातात. ती उचलून ठेवावीत असं कोणाला वाटत नाही, कारण ती कोणाला द्यायची, हे कोणी कधी सांगितलेलंच नाही. आम्ही जाळी विणणाऱ्यांच्या बसायच्या जागी एकेक गोणी अडकवून ठेवली, तेव्हापासून निदान आमच्या वाडीत ही कात्रणं गोणीत पडतात. मनगटातली कडी याच कात्रणांची होतात.

सगळी जाळी नायलॉनचीच असतात ना?

नाहीत, आणि इथेच बहुतेक नवे लोक फसतात. आपल्या किनाऱ्यावर ढोबळमानाने तीन वस्तू मिळतात. गिलनेट आणि पर्ससीनची (माशांच्या थव्याला वेढा घालून आवळायची) जाळी नायलॉनची. गिलनेटमध्ये एकेरी चकचकीत धागा, म्हणजे तंगूस, असतं, पर्ससीनमध्ये अनेक बारीक धाग्यांचा मऊ पीळ. ट्रॉलरची आणि बोंबलासाठी लावायच्या डोळीची जाळी बहुतेक पॉलिथिनची, म्हणजे जाड, खरखरीत आणि हिरवी-निळी. दोर बरेचदा पॉलिप्रॉपिलीनचे.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ तुकडा घ्या, बादलीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बुडवून चिमटीत चुरगळा म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल, आणि सोडा. नायलॉन बुडतं, कारण त्याची घनता १.१४ आहे. पॉलिथिन ०.९५ आणि पॉलिप्रॉपिलीन ०.९१ च्या आसपास, म्हणून ती दोन्ही वर येतात. याच गुणामुळे पाण्यात हरवलेलं जाळंही वेगवेगळं वागतं. बोये तुटलेलं नायलॉन तळाशी जाऊन खडकांवर, पोवळ्यांवर बसतं, पॉलिथिनचं जाळं तरंगत कुठल्या कुठे जातं.

हे वेगळं करणं का महत्त्वाचं? नायलॉन ६ वितळतं सुमारे २२० अंशांना, पॉलिथिन १३० च्या आसपास. दोन्ही एकत्र वितळवली तर ना धड हे होतं ना धड ते. परदेशातले जे कारखाने जाळ्यांपासून फॅशनचा धागा काढतात, त्यांना नायलॉन ६ लागतं. आपल्या ट्रॉलरचं आणि डोळीचं जाळं त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की "कोकणातली सगळी जाळी इटलीला पाठवू", तर त्याला आधी ही बादली दाखवावी.

नायलॉन ६ मध्ये एवढं विशेष काय?

नायलॉन पहिल्यांदा १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने तयार केलं. ते दोन वेगवेगळ्या रसायनांच्या साखळीचं. १९३८ मध्ये जर्मनीत पाउल श्लाकने कॅप्रोलॅक्टम या एकाच रसायनापासून नायलॉन बनवलं, ते नायलॉन ६. एकाच मण्याची माळ असावी तसं ते आहे. उष्णता आणि वाफ देऊन माळ सोडवली की पुन्हा कॅप्रोलॅक्टमचे मणी हाती येतात. ते शुद्ध करून नवी माळ ओवता येते आणि तो धागा नव्यासारखाच असतो. जुन्या जाळ्याचा रंग, वास, मीठ काही उरत नाही.

आणि प्लास्टिक येण्याआधी जाळी कशाची होती?

सुती आणि सणाची. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. जाळं तांबूस व्हायचं आणि थोडं जास्त टिकायचं. तरी ते दरवेळी वाळवावं लागे, वारंवार शिवावं लागे, आणि ओलं झालं की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांच्या खांद्यांना त्याचं वजन कळे. समुद्रात हरवलं तर काही महिन्यांत कुजून जाई. मात्र त्या दिवसांकडे परत चला असं आम्ही म्हणत नाही. नायलॉनने मच्छीमाराचे कष्ट कमी केले.

जाळ्याची वस्तू नेमकी कशी बनते?

तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

पहिली आमची: जाळं धुवायचं, कापायचं, शिवायचं. आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, तसाच दिसतो, गाठी दिसतात, कधी कोणी केलेलं जुनं शिवणकामही दिसतं. आम्ही ते मुद्दाम पुढच्या बाजूला ठेवतो. यंत्रं फारशी लागत नाहीत, हात खूप लागतात.

दुसरी: जाळ्याचे तुकडे करून, धुऊन, वितळवून दाणे बनवायचे आणि साच्यात ओतायचे. चष्म्याच्या फ्रेमा, बटणं, बकलं, कंगवे अशा कडक वस्तू यातून होतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरची वॉटरहॉल ही कंपनी अशा फ्रेमा बनवते. अमेरिकेतल्या तीन मित्रांनी २०१३ मध्ये चिलीत सुरू केलेल्या ब्युरेओने पहिल्यांदा जाळ्यांचे स्केटबोर्ड केले. त्यांच्या याच मालापासून पुढे पॅटागोनिया कंपनीच्या टोप्यांचा पुढचा कडक भाग झाला.

तिसरी वाट रासायनिक, वर सांगितलेली माळ सोडवण्याची. इटलीच्या अक्वाफिल कंपनीने २०११ मध्ये इकोनिल नावाने हा धागा आणला. तिचा कारखाना स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला आहे. प्राडाने २०१९ मध्ये याच धाग्याच्या बॅगा काढल्या. मात्र इकोनिलमध्ये फक्त जाळी असतात असा जो समज आहे, तो बरोबर नाही. त्यात जुन्या गालिच्यांचं नायलॉन आणि कारखान्यांतला टाकाऊ मालही असतो. कंपनी हे लपवत नाही. दुकानात पोचेपर्यंत मात्र फक्त जाळ्याची गोष्ट उरते.

पिशवीला मासळीचा वास येतो का?

नीट धुतली असेल तर नाही. आमच्या पहिल्या खेपेला येत होता, हे खरं आहे. जाळं वरून स्वच्छ दिसत होतं म्हणून आम्ही दोनदा धुऊन शिवायला घेतलं. पावसाळी हवेत पिशव्या बंद पेटीत राहिल्या आणि उघडल्यावर सगळ्या खोलीत कुबट वास पसरला. ती सगळी खेप उसवून पुन्हा धुतली.

त्यातून शिकलो ते असं. वास जाळीत नसतो, गाठींत आणि दोराच्या आतल्या पिळात असतो. म्हणून दोर आधी वेगळा काढायचा. कोरडं जाळं झटकून वाळू आणि खवले पाडायचे. मग निदान चार दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं. मीठ राहिलं तर ते हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि जाळं कायम चिकट लागतं. त्यानंतर कोमट पाणी, धुण्याचा सोडा आणि साबण, आणि गाठींवर ब्रश. ब्लीच वापरायचं नाही, त्याने नायलॉन कमजोर होतं. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं आणि आमच्याकडे येणारं जाळं आधीच पुरेसं ऊन खाऊन आलेलं असतं. घेण्याआधी आम्ही एक आस दोन्ही हातांनी जोरात ओढून बघतो. तुटला तर ते जाळं पिशवीला चालत नाही.

धुतलेलं पाणी कुठे जातं, हेही विचारा. आमचं कापडातून गाळून बागेच्या कडेच्या शोषखड्ड्यात जातं आणि कापडावर राहिलेले बारीक तुकडे वेगळ्या डब्यात जमा होतात. विहिरीजवळ हे काम करू नये.

साध्या शिलाई यंत्रावर जाळं शिवता येतं का?

येतं, पण सुया मोडतात. गाठीवर सुई पडली की गेली. आम्ही १६ किंवा १८ नंबरची सुई लावतो, धागा पॉलिस्टरचा घेतो, आणि जाळं एकटं कधी यंत्राखाली घालत नाही. खाली कापडाची पट्टी, वर जाळं, त्यावर दुसरी पट्टी, अशी कड बांधून घेतली की ते सरकत नाही. तंगूस सगळ्यात हट्टी, त्याचे दोन-तीन थर एकावर एक ठेवले तरच ते आकार धरतं. थर दिले की मात्र एकात एक आस मिसळून सुंदर नक्षी दिसते. पर्ससीनचं मऊ जाळं शिकाऊ हातांसाठी उत्तम.

कापलेलं टोक सुटू नये म्हणून ते गरम पातीने चिकटवून घ्यावं लागतं. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मुलांना लांब ठेवून करायचं. वितळलेलं नायलॉन बोटाला लागलं तर चिकटून भाजतं आणि धूर छातीत जाणं चांगलं नाही.

यात शिसं असतं असं ऐकलं. दागिने म्हणून घालणं सुरक्षित आहे का?

शिसं असतं ते जाळ्याच्या खालच्या दोराला, जाळं बुडावं म्हणून. काही दोरांत ते आतमध्ये ओवलेलं असतं आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून खालच्या कडेचा दोर आम्ही सरसकट बाजूला काढतो, वापरतच नाही. जाळीच्या भागाला ही अडचण नाही. मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांच्या जाळ्यांना शेवाळ धरू नये म्हणून बरेचदा तांब्याचा लेप देतात, तीही कातडीला लागणाऱ्या वस्तूंसाठी घेऊ नयेत.

टाकाऊ जाळ्याची वस्तू इतकी महाग का?

कारण जाळं टाकाऊ असलं तरी ते सोडवणारा, धुणारा, निवडणारा आणि शिवणारा माणूस टाकाऊ नाही. एका पिशवीत शिवण्याचा वेळ सगळ्यात कमी जातो. ढिगातून जाळं सोडवणं, गाठी उलगडणं, काड्या, गळ, शिंपले वेचणं आणि धुणं यातच दिवस जातात. कोऱ्या कापडाचा तागा अंथरून एकदम पन्नास पिशव्या कापता येतात. जाळ्याचा प्रत्येक तुकडा वेगळा फाटलेला असतो.

कमी किमतीत कोणी विकत असेल तर एक शक्यता तपासा. कधी कधी ते कोरं जाळं असतं. बाजारात नवं जाळं मीटरवर मिळतं, ते धुवायला लागत नाही, आणि "जाळ्याची पिशवी" म्हणून सहज विकता येतं.

मच्छीमाराला त्यातून काय मिळतं?

हा प्रश्न सगळ्यात कमी जण विचारतात आणि आम्हाला तो सगळ्यात जवळचा आहे.

जुनं जाळं मच्छीमाराच्या लेखी कचरा नसतंच. तो ते परसावर टाकतो, भाज्यांच्या मांडवाला लावतो, माकडं आणि डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाला बांधतो. (कुंपणाला बांधलेल्या जाळ्यात साप अडकून मरतात. बांधायचंच असेल तर जमिनीपासून वीतभर वर बांधा.) चांगल्या नायलॉनला भंगारवालाही किलोवर पैसे देतो. म्हणजे आपण "फुकट न्यायला" गेलो तर आपण त्याचं काहीतरी घेत असतो. आम्ही वजन करून भंगारवाल्यापेक्षा थोडा जास्त भाव देतो, आणि ज्यांना भंगारवाला विचारत नाही ती तंगूसाची गुंतवळ आणि कात्रणंही घेतो.

फिलिपिन्समध्ये २०१२ साली डनाहोन बँक या बेटांच्या भागात लंडनची प्राणिशास्त्रीय संस्था आणि इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी यांनी नेट-वर्क्स नावाचं काम सुरू केलं. गावकरी किनाऱ्यावरची नायलॉनची जाळी गोळा करून विकत, ती अक्वाफिलकडे जात आणि त्यांच्या धाग्याचे गालिचे होत. त्याच्या जोडीला गावात छोटे बचत गट उभे राहिले. हे वाचलं तेव्हा आम्हाला ते फार ओळखीचं वाटलं, आपल्या बचत गटांसारखंच. चिलीत ब्युरेओही मच्छीमारांना जाळ्यांचा मोबदला देते. जिथे जिथे हे काम टिकलं, तिथे जाळं देणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं होतं.

केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यात नींडकरा बंदरावर २०१७ मध्ये शुचित्व सागरम् योजना सुरू झाली. जाळ्यात माशांबरोबर येणारं प्लास्टिक मच्छीमार परत समुद्रात न टाकता बंदरावर आणू लागले. तिथे ते निवडून, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं जातं. तिथे फॅशनचा काही संबंध नव्हता, पण बंदरावर कचरा घेणारी एक जागा आणि एक माणूस असला की काय होतं, ते दिसलं. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, प्रत्येक बंदरात अशी एक शेड हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आदिदासचा जाळ्यांचा बूट खरा होता का?

खरा होता, आणि त्यामागची हकिकत विलक्षण आहे. थंडर नावाचं जहाज दक्षिण महासागरात चोरून मासेमारी करत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये सी शेफर्ड या समुद्री जीवांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जहाजाने त्याला गाठलं आणि ११० दिवस पाठलाग केला. एप्रिल २०१५ मध्ये थंडर साओ टोमेजवळ बुडालं. संस्थेच्या दुसऱ्या जहाजाने थंडरने मागे सोडलेली सुमारे ७२ किलोमीटर गिलनेट पाण्यातून वर ओढली होती. त्या जाळ्यांचा धागा वापरून आदिदास आणि पार्ली ही समुद्रातल्या प्लास्टिकविरुद्ध काम करणारी संस्था यांनी २०१५ मध्ये नमुन्याचा बूट दाखवला. दुकानात पुढे जे बूट आले, त्यांचा धागा मात्र मुख्यतः किनाऱ्यांवर गोळा केलेल्या प्लास्टिक बाटल्यांचा होता.

याने समुद्र खरंच स्वच्छ होतो का?

आमच्या पिशव्यांनी? नाही. जगातली सगळी जाळ्यांची फॅशन एकत्र केली तरी हरवणाऱ्या जाळ्यांच्या मानाने ती थोडीच आहे. पण ज्या वाडीत जुन्या जाळ्याचं वजन होतं आणि पैसे मिळतात, तिथला किनारा बदलतो. आमच्या वाळूत आता तंगूसाची गुंतवळ क्वचित दिसते. पूर्वी त्यात पाय अडकायचा.

कार्बनच्या बाबतीत अक्वाफिलचा दावा असा की कच्च्या तेलापासून नायलॉन बनवण्याच्या तुलनेत त्यांच्या धाग्याचा हवामानावरचा परिणाम ९० टक्क्यांपर्यंत कमी होतो. दावा कंपनीचाच आहे, तो तसाच समजून घ्यावा. एवढं मात्र पक्कं की घरात चार धड पिशव्या असताना पाचवी घेतली, तर ती कशाचीही असली तरी तिचा उपयोग नाही. स्टॉलवर आम्ही हे सांगतो आणि काही जण न घेता जातात. चालतं.

नायलॉन ६०० वर्षं टिकतं हे खरं आहे का?

तो तंगूसाच्या दोरीबद्दलचा अंदाज आहे. नायलॉन जन्माला येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, तेव्हा कोणी ते पाहिलेलं नाही. आपल्या नातवंडांच्या नातवंडांना ते सापडेल, इतकं समजून वागलं तरी पुरे.

खोटा दावा कसा ओळखायचा?

तीन गोष्टी विचारा: जाळं कुठून आलं, वस्तूत ते किती टक्के आहे, आणि उरलेलं कशाचं आहे. प्रामाणिक विक्रेत्याला याची उत्तरं तोंडपाठ असतात. "समुद्रातलं प्लास्टिक" आणि "समुद्रात जाण्याचा धोका असलेलं प्लास्टिक" यात फार अंतर आहे. दुसऱ्याचा अर्थ किनाऱ्याजवळ कुठेही गोळा केलेलं प्लास्टिक असाही होऊ शकतो. ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड हे प्रमाणपत्र २० टक्के पुनर्वापरित माल असला तरी मिळतं. वस्तूवर त्याचं चिन्ह छापायला किमान ५० टक्के लागतो. म्हणून नुसतं चिन्ह बघून "शंभर टक्के" समजू नका.

भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या दिशाभुलीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. "इको फ्रेंडली", "सस्टेनेबल" असे शब्द वापरायचे तर त्याचा पुरावा आणि तपशील द्यायला हवा. ग्राहक म्हणून तो मागायला संकोच वाटू देऊ नका.

पिशवी धुवायची कशी? आणि फाटली तर?

गार पाण्यात हाताने, हलक्या साबणाने. यंत्रात घातलीच तर कापडी पिशवीत बांधून, म्हणजे घासून सुटणारे बारीक धागे कमी होतात. इस्त्री करू नका. गाडीच्या मागच्या काचेपाशी दिवसभर उन्हात ठेवू नका.

फाटली तर आमच्याकडे पाठवा. जाळं शिवणं हे आमच्या घरांतलं जुनं काम आहे. शिवण्याच्या पलीकडे गेली तर ती उसवता यावी म्हणून आम्ही अस्तर, बकल आणि जाळं वेगवेगळ्या सरळ शिलाईने जोडतो, डिंकाने कधीच चिकटवत नाही. नायलॉन, सुती कापड आणि धातू एकत्र चिकटवले की ती वस्तू थेट कचरा डेपोत जाते, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

डायव्हिंग करताना खडकावर जाळं दिसलं तर काढू का?

स्वतः काढू नका. सराईत पाणबुडेही अशा जाळ्यात अडकले आहेत, आणि ओढाओढीत पोवळी तुटतात. जागेची खूण घ्या, फोटो काढा आणि तुमच्या डायव्हिंग प्रशिक्षकाला किंवा वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. आत जिवंत प्राणी असेल तर लगेच कळवा. किनाऱ्यावर जाळ्यासकट कासव आलं असेल तर त्याला ओढत पाण्यात नेऊ नका. सावली करा, ओलं कापड पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, आणि मदत येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा.

आमच्या गावातही जाळ्यांचे ढीग आहेत. सुरुवात कुठून करू?

आधी शिवणयंत्र घेऊ नका. एक वजनकाटा घ्या आणि पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली की वाडीत जाऊन बसा. त्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुषमाणसं पडवीत जाळी शिवत असतात आणि कोणतं जाळं ठेवायचं, कोणतं टाकायचं, याचा निर्णय तेव्हाच होतो. त्यांच्या शेजारी बसून कोणतं जाळं कशाचं, किती हंगाम चाललं, कुठे फाटतं ते विचारा. बादलीची परीक्षा त्यांच्यासमोरच करा, मुलांना फार आवडते. भाव आधी ठरवा, रोख द्या. पहिल्या वर्षी फक्त दहा-पंधरा किलो घ्या आणि ते सगळं धुऊन, वाळवून, निवडून बघा. किती हात लागतात, ते कळेल.

आम्हाला पहिलं जाळं देणारे काका आधी म्हणाले होते, "ह्या घेवन तुम्ही काय करतलास?" आता नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांचाच निरोप येतो, की गोणी भरली आहे, घेऊन जा.